जंगाल

अँटवर्पच्या एका बोळात, हौब्रेख्तच्या छापखान्यावरच्या माळ्यावर
आम्ही सहाजणी एका मेजाला कोपर लावून
एकांत रंगवतो. डझनाच्या भावाने.

प्रत्येकीकडे एकच रंग.
डिग्ना गुहा काळवंडते, मायकेन आभाळ करते,
बारबेलची पोर जपमाळेवर हिंगुळाचे ठिपके देते,
मधूनच एखादा कवटीलाही देते आणि टपली खाते.
माझ्याकडे हिरवा. जंगाल.
आंबलेल्या दारूच्या वाफेवर तांब्याचा पत्रा टांगून
खरवडून घेतलेला गंज,
डिंकात खललेला, शिंपल्यात काढलेला.
खाली तांब्यावर साधू कोरतात,
वर मी तांब्याच्याच गंजाने त्याच्याभोवती रान वाढवते.

हे तपस्वी म्हणे वाळवंटात राहत.
हौब्रेख्तने वाळवंट पाहिलेलं नाही.
गुहेच्या दाराशी त्याने आपले छाटलेले विलो लावलेत,
मागे पवनचक्की, आणि कडे
(या सपाट मुलखात कडा पाहिलाय कोणी?)
बहुतेक शिळ्या पावाच्या तुकड्यांवरून काढलेले.
एक कावळा चोचीत पाव घेऊन येतो.
डिग्ना म्हणते, असा कावळा आपल्याकडे यावा,
आपणही घेऊ संन्यास, सगळ्या सहाजणी, एकाच गुहेत.
हसताना तिचा कुंचला निसटतो
आणि सिंहाला मिशी फुटते.

चित्राखाली लॅटिनच्या चार ओळी. मला वाचता येत नाहीत.
मालिकेतला तेरावा मात्र न वाचताच ओळखते.
गुडघ्यावर बसलाय, पुस्तक उघडं,
डोळे पुस्तकात नाहीत.
तो खिलिस आहे. हौब्रेख्तचा धाकटा भाऊ.
माझा नवरा.
शहर पडलं त्या वर्षी नावेत बसून उत्तरेला गेला,
चित्रांपुढे गुडघे टेकणं ज्यांना मंजूर नाही
त्यांच्यात.

हौब्रेख्त कधी बोलला नाही. मी विचारलं नाही.
खिलिसच्या डाव्या गालावर व्रण होता,
लहानपणी गोठलेल्या कालव्यावर आपटून झालेला.
हौब्रेख्तने तो जिथल्या तिथे कोरला,
छापताना तो पलीकडच्या गालावर गेला.
एवढ्यावर माझी सासू फसली.
चर्चच्या पायरीवरून विकत आणून
तिने तो खाटेशी खिळ्याने ठोकलाय.
किती शांत म्हातारा, म्हणते,
आणि रात्री दिवा विझवण्याआधी त्याच्या अनवाणी पायांना ओठ लावते.

तांबं मऊ असतं.
हजारेक कागद दाबले गेले की
आधी बारीक रेषा जातात, पापण्या, बोटांची पेरं.
व्रण तर पहिल्याच हिवाळ्यात गेला.
मग दाढी, खिडकीवरच्या वाफेसारखी.
परवा वर आलेल्या गठ्ठ्यात
कडा आहे, चक्की आहे, कावळा तर चांगला ठळक,
आणि मधे कोणी गुडघे टेकून बसलं होतं
याची नुसती खूण.

उद्यापासून आड्रियान त्या रेषा पुन्हा खोल करणार.
अठरा वर्षांचा पोरगा, हात स्वच्छ.
खिलिसला त्याने पाहिलेलं नाही.
तो एक सरळ, भला म्हातारा कोरेल,
डोळे पुस्तकात असलेला.

जंगाल कागद खातो. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.
माझी सगळी रानं एक दिवस तपकिरी होतील,
ठिसूळ होऊन झडतील,
कुणाच्या तरी प्रार्थनेच्या पुस्तकात
गुहा उरेल, आभाळ उरेल,
झाडांच्या जागी भोकं.

आज गठ्ठ्यातला सर्वांत फिका मी काढून घेतला,
रंग न लावता, घडी न घालता, परकराच्या अस्तरात.
संध्याकाळी हौब्रेख्त वर आला मोजायला.
माझे अकरा भरले.
त्याने पुन्हा मोजायला हात घातला
तेव्हा डिग्ना मान वर न करता
मोठ्याने म्हणाली, बारा.